थ्री नॉट थ्री, माउझर आणि एका माणसाच्या रुंदीची वाट

वाचकहो, आयुष्यात कधी रायफल हातात धरलेली नसताना थ्री नॉट थ्री चांगली की माउझर, याबद्दल तुमचं मत ठाम आहे की नाही, खरं सांगा? नसेल, तर तुम्ही आमच्या फाट्यावर कधी चहा प्यायला नाहीत. तिथे दोन कप चहा होईपर्यंत माणसाला मत फुटतं. तिसऱ्या कपाला तो शेजाऱ्याचं मत खोडू लागतो.

घोडेगावहून शिनोलीकडे निघालं की वाटेत आमचा फाटा लागतो. पत्र्याचं एक हॉटेल, दोन बाकडी, एसटीची वाट बघणारी चार माणसं आणि एसटी येऊन गेली तरी न उठणारी आठ माणसं. या आठांत दोन पुढारी. एक निवृत्त हवालदार, दुसरे निवृत्त फौजी. गावात दोघांना नावाने कोणी हाक मारत नाही, म्हणून मीही मारत नाही.

हवालदार थ्री नॉट थ्रीचे. पोलिसात असताना ती रायफल त्यांच्या खांद्यावर इतकी वर्षं होती की आजही त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. जुन्नरला तिजोरीवर पहारा असो, निवडणुकीचा बंदोबस्त असो, ती कायम सोबत. तिच्यातून गोळ्या किती सुटल्या असं विचारलं, की ते चहा मागवतात. वर्षातून एकदा सरावाला जायचे, तेवढंच.

फौजींची गोष्ट आणखी मजेशीर. ते फौजेत होते, पण ट्रकवर. शिवाय त्यांच्या काळात दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल फौजेतून गेली होती, आपोआप भरणारी आली होती. तरी त्यांची निष्ठा माउझरवर, कारण ती वडिलोपार्जित आहे. त्यांचे आजोबा गोऱ्या साहेबाच्या पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते आणि तिथे जर्मनांच्या माउझरची गोळी मांडीवर झेलून परत आले.

"आमच्या म्हाताऱ्याच्या मांडीतनं आरपार गेली राव. बाजूनं गवताची काडी हलली न्हाई. याला म्हंत्यात रायफल," असं फौजी सांगत. ज्या बंदुकीनं आपल्या आजोबाला लंगडं केलं तिची इतकी तारीफ करणारा नातू मी दुसरा पाहिलेला नाही. आजोबांच्या खांद्यावर त्या वेळी हवालदारांचीच थ्री नॉट थ्री होती, ही गोष्ट फौजी सांगत नसत. ती हवालदार सांगत.

"तुझ्या म्हाताऱ्यानं आमची वापरली म्हनून जित्ता आला. न्हाईतर तू कुठनं आला असता रं?"

मग सुरू व्हायचं. हवालदारांचा मुद्दा साधा: थ्री नॉट थ्रीत दहा गोळ्या बसतात, माउझरमध्ये पाच. आणि हिचा बोल्ट थोडासाच उचलावा लागतो, म्हणून नेम न हलवता दुसरी गोळी लगेच तयार. ते हे उसाच्या कांड्यावर करून दाखवत. कांडं खांद्याला, अंगठा आणि तर्जनी बोल्टच्या जागी, मधलं बोट ट्रिगरवर. खटक, खटक, खटक. हॉटेलवाला सांगायचा, "हवालदार, ऊस खाऊन टाका, नाय तर पैसं द्या."

फौजी म्हणत, "पाच गोळ्यांत भागत नसंल त्यानं दहाची आशा करू ने. आन तुमच्या बोल्टाचं दात मागं. आमच्या माउझरचं दात पुढं, नळीच्या बुडाशी. गोळी फुटली की सगळा जोर तिथंच आडतो. दाराला कडी पुढं लावावी का परसदारी?"

"चिखलात घाल की तुझी माउझर. भाताच्या खाचरात घाल. आमची चिखलातनं काढून झाडली तर वाजनार."

"आन काडतुसं उलटीपालटी भरली की त्यांच्या बुडाच्या काठात काठ आडकून बसनार. त्येबी सांगा."

"भरनारा येडा आसला तर!"

माउझरच्या बाजूने कॉलेजची काही पोरंही होती. त्यांनी ती मोबाइलच्या खेळात चालवलेली. रायफलीवर आठपट दुर्बीण लावली की लांबूनच खल्लास, असं ती सांगत. फौजी त्यांना शाबासकी देत. नातवांच्या पिढीपर्यंत माउझर पोचली याचा त्यांना अभिमान वाटे. खरं सांगायचं तर वाद ऐकायला मलाही मजा येत होती. दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांत तथ्य होतं आणि दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवण्यात इतक्या गुंतल्या होत्या की राजकीय सभांपेक्षा तिथला दर्जा बरा होता.

पण हा वाद फाट्यावर अचानक इतका का तापला, ते सांगायला हवं. बिबट्यामुळे. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. पाटाचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात वाघीण बाळंत होऊ लागली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या वस्तीच्या वाटेवरून त्याने एक कुत्रं उचललं. मग एक कालवड. वनखात्याची माणसं येऊन पिंजरा लावून गेली, आत कोंबडी ठेवून. वाघ त्या बाजूला फिरकला नाही. कोंबडी मात्र आयतं खाऊन चांगली गुबगुबीत झाली.

आता ही वाट. आमची वस्ती गावाच्या कडेला आहे. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला, तेव्हापासून ती बौद्ध वस्ती. त्याआधीही ती कडेलाच होती, फक्त नाव वेगळं होतं. वस्तीहून फाट्यावर यायला एकच पाणंद आहे. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी तिथून बैलगाडी जायची आणि गाडीच्या बाजूने माणूसही चालायचा. आज तिथून मी चालतो तेव्हा दोन्ही खांद्यांना उसाची पात लागते. वाट गेली कुठे? ती कोणी चोरली नाही. दर उसाच्या लागणीला नांगर वीतभर बाहेर आला, एवढंच. याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात, आणि भल्याभल्यांना ते पाप वाटत नाही, कसब वाटतं. फाट्यावरून वस्तीकडे जाताना डाव्या हाताचं शेत फौजींचं. उजव्या हाताचं हवालदारांचं.

गावातल्या सगळ्याच वाटा अशा आक्रसल्या आहेत असं मात्र समजू नका. देवळाकडे जाणारी वाट रुंद आहे. फौजींच्या घराची वाट इतकी रुंद आहे की ट्रॅक्टर वळतो.

या पाणंदीतून माझी धाकटी बहीण रोज घोडेगावला कॉलेजला जाते. बारावीला आहे. थंडीत तिची सकाळची एसटी उजाडायच्या आत असते आणि संध्याकाळी ती उतरते तेव्हा दिवस बुडालेला असतो. कालवड गेली त्या आठवड्यात वडिलांनी फर्मान काढलं: "बास झालं. दिवाळीनंतर घरी बस. परीक्षा पुढच्या साली बाहेरून दे."

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. त्यात आजोबांपासून छापलेली, वाटलेली, उरलेली पत्रकं आहेत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. मुलीला शिकवा, अर्धी भाकर खा पण शिकवा, असं त्यातल्या कितीतरी पत्रकांवर ठळक छापलेलं आहे आणि त्यातली काही खुद्द वडिलांनी सायकलवरून शिनोलीपर्यंत वाटली आहेत. बहिणीने त्यातलं एक काढून त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. वडिलांनी त्यावर भाजीची वाटी ठेवली.

"पत्रकाला वाघ भीत न्हाई," ते म्हणाले.

ते बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला.

मग ग्रामसभा. अर्ज मी लिहिला, मांडला बहिणीने. मागणी एकच: दोन्ही शेतांनी वाटेकडेचा ऊस मागे घ्यावा, पूर्वीची गाडीवाट मोकळी करावी. उसात काय बसलंय ते चार पावलं आधी दिसलं तर माणूस सावध होतो, मोठ्याने बोलतो, वाघ स्वतःच बाजूला होतो. वनखात्याचा माणूसही तेच सांगून गेला होता. ती म्हणाली, "आता मी दप्तर पोटाशी धरून चालते. पाठीवर घेतलं तर उसात अडकतं."

सभेत दोन-चार माना डोलल्या. मला वाटलं, झालं काम. मग फौजी उठले.

"पोरी, तुझं बरोबर हाय. पन वाट रुंद केली म्हनून वाघ काय पेन्शनीत जातोय व्हय? वाघाला गोळी पायजे."

हवालदारही उठले. "आयुष्यात पयल्यांदा फौजी शहान्यासारखं बोलला."

दोघांचं एकमत झालेलं पाहून सभेने टाळ्या वाजवल्या. ठराव असा ठरला की, गावाच्या रक्षणासाठी सरकारने एक रायफल द्यावी, ती चालवायला गावात दोन अनुभवी माणसं आहेतच. ग्रामसेवक बिचारा हळूच म्हणाला, "बिबट्याला मारायला कायद्याने बंदी आहे."

हवालदार त्याच्यावर डाफरले. "मारायचा कुठं हाय? रायफल कंची मागायची त्ये ठरवायचंय."

आणि तेच ठरेना. ठरावात थ्री नॉट थ्री लिहिलं की फौजी उभे राहत, माउझर लिहिलं की हवालदार. पाच की दहा. दात पुढं की मागं. चिखल. काठात काठ. इटली. मांडी. एकाने मध्यम मार्ग काढला की नुसतं 'चांगली रायफल' असं लिहा, तर दोघे मिळून त्याच्या अंगावर गेले. शेवटी सभा संपली, ठराव अर्धा राहिला, आणि बहिणीच्या अर्जाची पाळी आलीच नाही. ज्या दोन माणसांनी वाट खाल्ली त्यांनीच सभाही खाल्ली. बाहेर पडताना फौजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुज्या भैनीचा मुद्दा लई चांगला व्हता."

पुढच्या दोन दिवसांत फाट्यावर वाद आणखी रंगला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटी आली, बहीण उतरली आणि नेहमीसारखी माझ्याबरोबर वाटेला न लागता सरळ हॉटेलात आली. दोन्ही पुढाऱ्यांसमोर उभी राहिली. हवालदारांच्या हातात कांडं होतं, बोल्ट अर्धा ओढलेला.

"हवालदारबाबा, फौजीबाबा, मला घरापर्यंत सोडता का?"

"आमी?" फौजी म्हणाले. "तुजा भाऊ हाय की संगं."

"त्याला कुठं काय येतं? त्यानं फक्त पेन चालवलंय. तुम्हा दोघांना सगळं ठाऊक आहे. आणि वाट तुमच्याच शेतातून जाते ना?"

बाकड्यावरची माणसं हसली. मोबाइलवाल्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. आता बसून राहिलं असतं तर दोन्ही रायफली एका संध्याकाळीत भंगारात गेल्या असत्या. दोघे उठले. हवालदारांनी कांडं बरोबर घेतलं.

पाणंदीच्या तोंडाशी पहिली अडचण आली. दोघांना शेजारी-शेजारी चालता येईना. एक डावीकडे झाला की फौजींच्या उसात, दुसरा उजवीकडे झाला की हवालदारांच्या. एकामागे एक जाणं भाग होतं. मग पुढे कोण?

"बंदोबस्ताला पोलीस पुढं," फौजी म्हणाले.

"सरहद्दीवर फौज पुढं," हवालदार म्हणाले.

"तुमचा हद्दीतला अनुभव जास्त."

"तुमच्याकडं इटलीचा हाय."

"मी होते पुढं," बहीण म्हणाली, दप्तर पोटाशी धरलं आणि चालू लागली. तिच्यामागे हवालदार, त्यांच्यामागे फौजी, शेवटी मोबाइलची बॅटरी लावून मी. पात दोन्ही बाजूंनी कानाला कापत होती. रोज फाट्यावर ज्यांचं तोंड बंद होत नाही ती दोन माणसं अवाक्षर बोलत नव्हती. बहीण मात्र मोठ्याने बोलत होती, तसंच चालायचं असतं. "फौजीबाबा, तुमच्या आजोबांना गोळी लागली तेव्हा ते पुढं होते का मागं?"

"गप चाल पोरी."

अर्ध्या वाटेत उजवीकडच्या उसात सळसळ झाली. हवालदार जागीच थांबले आणि एक पाऊल मागे आले. ते फौजींच्या पायावर पडलं. फौजींनी मागे वळायचा प्रयत्न केला, पण त्या वाटेत माणसाला नीट वळताही येत नाही. ते पाठीने माझ्यावर आले. हवालदारांचं कांडं खाली पडलं. दोघांनी एकमेकांचा हात धरला, तो एवढा घट्ट की नंतर सोडवायला दोघांनाही जड गेलं. उसातून एक मुंगूस निघालं, बहिणीच्या पायाजवळून फौजींच्या शेतात गेलं.

बहीण वळून म्हणाली, "हवालदारबाबा, खरंच वाघ असता तर बोल्ट ओढायला कोपर कुठं नेलं असतं? इथं हात उघडायला जागा आहे का?"

हवालदार वाकून पडलेलं कांडं शोधू लागले. मला वाटतं, रायफलींच्या त्या सगळ्या वादात हा मुद्दा पहिल्यांदाच आला होता.

घरी पोचलो. आईने चहा टाकला. फाट्यावर आम्ही सगळे एका बाकड्यावर बसतो, एका किटलीतला चहा पितो, आणि त्यावरून गाव किती पुढे गेलं याचं कौतुक करतो. पण आमच्या ओसरीवर हे दोघे त्याआधी कधी बसले नव्हते. हवालदार म्हणाले, "आत्ताच झाला चा." फौजींनी घेतला. कप रिकामा झाला तरी ते उठेनात. हवालदारही उठेनात. वडिलांनी इकडची तिकडची चौकशी केली. पाऊस झाला, भाव झाला, मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. तरी दोघे बसूनच.

आईच्याच आधी लक्षात आलं. ती आत येऊन मला म्हणाली, "आरं, त्यांना माघारी जायाचंय. त्याच वाटंनं."

मग त्यांना सोडायला आम्ही बहीण-भाऊ गेलो. बहीण पुढे, मी मागे, मधे दोन अनुभवी माणसं. फाट्याचा दिवा दिसल्यावर फौजींचा आवाज परत आला. "आता जावा तुमी. आमी हाय." त्यांना पोचवून आम्ही दोघंच परत आलो. त्याच वाटेनं, त्याच उसातून. आम्हाला सोडायला कोणी नव्हतं.

ही गोष्ट गावभर झाली, हे सांगायला नको. फौजींच्या घरी ती त्यांच्या बायकोच्या कानावर गेली. काही आठवड्यांनी कारखान्याच्या टोळीने दोन्ही शेतांतला ऊस तोडून नेला, तोवर वडिलांनी बहिणीला मुदत दिली होती: नवी लागण कुठवर येते ते बघू, मग ठरवू. फौजींच्या रानात नवी लागण करायची होती. ट्रॅक्टर सऱ्या पाडायला आला तेव्हा फौजींची बायको वाटेच्या कडेला उभी राहिली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "तितनं न्हाई. आत घे. आजून आत."

फौजी धावत आले. "आगं, दोन सऱ्या जात्यात!"

"जाऊ द्या. मी गुरांना वाढं आनायला एकटी येते हितं, तवा तुमची माउझर कुठं आसती?"

ट्रॅक्टर आत गेला. डाव्या बाजूला वाट मोकळी झाली. अंधारातही समोरचं दिसावं इतकी.

यात जिंकलं कोण, हे हवालदारांनी फाट्यावर जाहीर केलं. "माउझरनं माघार घेतली!" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मी विचारलं, आता तुमच्या बाजूचं काय? ते म्हणाले, "आमचा खोडवा हाय, भाऊ. तोडलेल्या बुडक्याला फुटवा आलाय, त्यो कसा काडायचा? पुढल्या लागनीला बघू." त्यांनी कधी न झाडलेल्या गोळीच्या जोरावर जिंकलेलं ते एकमेव युद्ध असावं. वाट अडवून बसल्या आहेत त्या उसाच्या फक्त दोन ओळी. एका सकाळचं काम आहे. पण माघार घ्यायला थ्री नॉट थ्री तयार नाही.

बहीण सध्या कॉलेजला जाते आहे. वडील म्हणाले, एक बाजू दिसतेय तोवर जाऊ दे. दुसऱ्या बाजूचा खोडवा आज गुडघ्याएवढा आहे. तो माणसाच्या उंचीचा झाला की ते पुन्हा ताटाशेजारी बसून बोलतील, आणि पेटीतलं एकही पत्रक त्या वेळी कामाला येणार नाही. म्हणून हे आधीच लिहितो.

जुन्नर-आंबेगावात ज्यांचा ज्यांचा ऊस वाटेकडेला आहे, त्यांना माझं सांगणं आहे. थ्री नॉट थ्री की माउझर, ते नंतर ठरवू. उद्या संध्याकाळी घरातल्या कोणालाही बरोबर घेऊन तुमच्या शेताकडेच्या पाणंदीतून चालून बघा. मागेपुढे नाही, शेजारी-शेजारी. दोघांच्या खांद्यांना पात लागली, तर परवा सकाळी कोयता-कुदळ घेऊन जा आणि तुमच्या बाजूच्या दोन ओळी मुळासकट काढून टाका. समोरच्याने आधी काढाव्यात म्हणून थांबू नका.